छेद बदलला, अंश कोण मोजणार?

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख वेगळा निघाला आणि पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. त्या वेळची आपल्याकडील चर्चा बहुतांशी कलेक्टर कचेरी कोठे होणार, सौंसरकरांना ती कितपत सोयीची पडणार, छिंदवाड्याचे हेलपाटे किती वाचणार, याच प्रश्नांभोवती फिरत राहिली. ती गैर होती असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे खुद्द मराठी बोलणाऱ्यांचेही फारसे लक्ष गेले नाही. आपल्या भाषेची टक्केवारी काढताना ज्या संख्येने भागायचे, ती संख्याच बदलली. शाळेत शिकलेल्या अपूर्णांकांच्या भाषेत सांगायचे तर छेद बदलला.

याचा अर्थ हिशेब मांडल्याशिवाय कळणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार अविभक्त छिंदवाडा जिल्ह्याची लोकसंख्या २०,९०,९२२ होती. तिचे पंधरा टक्के म्हणजे सुमारे ३ लाख १४ हजार. पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिलींची मिळून तेव्हाची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या आसपास. म्हणजे जिल्ह्यात मराठी पंधरा टक्क्यांवर जावी, तर या दोन तहसिलींतील जवळजवळ प्रत्येक माणसाने, गोंडी बोलणाऱ्यानेसुद्धा, आपली मातृभाषा मराठी सांगायला हवी होती. ते शक्य नव्हते आणि न्याय्यही नव्हते. परासिया, अमरवाडा, तामिया, जुन्नारदेव यांच्यासह मध्य प्रदेशातील सर्वांत विस्तीर्ण अशा त्या जिल्ह्यात आपली भाषा कायमच समुद्रात पडलेल्या लोट्याच्या पाण्यासारखी दिसत राहिली. आता तो समुद्र बाजूला झाला आहे.

पंधरा टक्क्यांचा हा आग्रह आमच्या मनचा नाही. राज्यपुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणे केंद्र आणि राज्ये यांच्यात ठरली, त्यांतील बरीचशी टक्क्यांत आणि आकड्यांत लिहिलेली आहेत. १९५६ चे केंद्र सरकारचे निवेदन आणि १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून असे ठरले की, जिल्ह्यात किंवा तहसील, नगरपालिका यांसारख्या लहान क्षेत्रात एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ ते २० टक्के असतील, तर तेथील महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत. एखाद्या जिल्ह्यात ते ६० टक्के असतील, तर राज्याच्या राजभाषेसोबत ती भाषा त्या जिल्ह्यापुरती राजभाषा म्हणून मान्य करता यावी. शाळांचे सूत्र याहून जुने, १९४९ सालचे आहे. प्राथमिक शाळेच्या एका वर्गात दहा किंवा सबंध शाळेत चाळीस मुले एखाद्या भाषेतून शिकू इच्छीत असतील, तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. माध्यमिक टप्प्यावर हेच प्रमाण पंधरा आणि साठ असे धरले गेले. सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आणि ३५०-ब आली. पहिल्याने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करणे राज्यांवर सोपवले, तर दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. जुलै १९५७ पासून ते आयुक्तालय काम करीत आहे.

येथे एक बारकावा आहे आणि सीमाभागातील कार्यकर्ते तो अनेकदा विसरतात. पंधरा टक्क्यांची कसोटी तहसिलीलाही लागते. सूचना मराठीत मागण्यासाठी पांढुर्ण्याला आणि सौंसरला नव्या जिल्ह्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते; तहसिलीचा आकडा हाती धरून ती मागणी कितीतरी वर्षांपूर्वी करता आली असती. साठ टक्क्यांची कसोटी मात्र जिल्ह्यासाठी आहे. ती आपल्याला प्रथमच लागू होऊ शकते आणि २०११ च्या लोकसंख्येवर तिचा हिशेब सव्वादोन लाखांच्या घरात जातो. हे सारे कायद्याने बांधलेले हक्क नव्हेत, सरकारांनी आपसांत मान्य केलेली व्यवस्था आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मान्य केलेल्या गोष्टीची आठवण करून द्यायची असेल तर हातात आकडा लागतो. नुसता उमाळा पुरत नाही.

आणि तो आकडा आता ठरणार आहे. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. घरयादीच्या टप्प्यात भाषेचा प्रश्न नसतो. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होईल आणि मातृभाषा तेव्हा विचारली जाईल. पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा म्हणून मोजला जाण्याची ही पहिलीच वेळ. त्या महिन्यात भाषेच्या रकान्यात जे भरले जाईल, त्यावर पुढची दहा वर्षे आपल्याविषयी बोलले जाईल. मागच्या वेळचा अनुभव पाहता दहा वर्षे ही मुदतही आशावादीच म्हणावी लागेल.

त्या रकान्यात काय होते याची एक खूण आधीच्या आकड्यांत दिसते. २००१ ते २०११ या दशकात देशातील मराठी भाषकांची संख्या सुमारे ७ कोटी १९ लाखांवरून ८ कोटी ३० लाखांवर गेली. मध्य प्रदेशची लोकसंख्या त्याच काळात सुमारे ६ कोटी ३ लाखांवरून ७ कोटी २६ लाखांवर गेली. पण मध्य प्रदेशातील मराठी भाषक सुमारे २.१ टक्क्यांवरून १.७ टक्क्यांवर आले. टक्का तर घसरलाच, प्रत्यक्ष संख्याही वाढली नाही. साडेबारा लाखांच्या वर होती ती थोडी खाली आली. काही कुटुंबे नागपूर-पुण्याकडे गेली असतील, काही घरांत नव्या पिढीची बोली खरोखरच बदलली असेल. इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूरच्या जुन्या मराठी घरांत हे होताना आपण पाहतोच. परंतु आमच्या मते घट निव्वळ एवढ्यावर भागत नाही. प्रगणक हिंदीत विचारतो, घरचा कर्ता हिंदीत उत्तरे देतो, आणि सात माणसांच्या घरात सात वेळा विचारायचा प्रश्न एकदाच विचारला जाऊन वरच्या ओळीतील उत्तर खाली उतरत जाते. यात कोणाचा कट नाही. अंगणात उन्हात उभा असलेला शिक्षक आणि कामाला जाण्याच्या घाईतला घरधनी, एवढ्या दोघांनी मिळून हे होते.

म्हणून नियम काय आहे तो प्रत्येक घराला ठाऊक हवा. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे बालपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती. आई लहानपणीच वारली असेल तर त्या घरात तेव्हा प्रामुख्याने बोलली जाणारी भाषा. शाळेची भाषा नव्हे, नोकरीची नव्हे, सही ज्या लिपीत करतो ती नव्हे. प्रश्न प्रत्येक माणसाला वेगळा आहे. सुनेचे उत्तर सासूपेक्षा निराळे असू शकते आणि आपल्याकडे ते पुष्कळदा असतेही. पुढच्याच रकान्यात येत असलेल्या इतर दोन भाषा सांगता येतात. हिंदीची जागा तेथे आहे. मातृभाषा मराठी लिहिली म्हणून हिंदी कमी होत नाही, शासकीय योजना थांबत नाहीत, मुलाची नोकरी जात नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक नोंदी गोपनीय ठेवल्या आहेत. त्या कोणाला पाहायला मिळत नाहीत आणि पुरावा म्हणूनही वापरता येत नाहीत. याचीच दुसरी बाजू अशी की, चुकीची नोंद झाल्यास ती नंतर शोधून दुरुस्तही करता येत नाही. या वेळी स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय आहे. शिकल्यासवरल्या मुलामुलींनी घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बसून ती वापरावी.

आणखी एक गोष्ट, आणि ती आमच्याच बाजूच्या काही उत्साही मंडळींना रुचणार नाही. या मुलखात गोंडी आहे. पवार समाजाची पवारी आहे, जिची बेरीज जनगणनेच्या तक्त्यांत हिंदीखाली होते. सीमेवरच्या गावांत मराठी आणि पवारी एकाच अंगणात नांदतात. पवारी बोलणाऱ्या आजीला 'मराठीच सांग' असे पढवणे आणि मराठी बोलणाऱ्या आजीच्या पुढे परस्पर हिंदी लिहिणे, यांत आम्हांला फरक दिसत नाही. जिची जी भाषा तिची ती नोंद व्हावी. गोंडी तर आठव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे साठ टक्क्यांच्या सूत्राचा लाभ तिला सामान्यतः मिळतच नाही, हा त्या सूत्रातील अन्याय आहे. आपली टक्केवारी फुगवून मिळवलेली मान्यता पहिल्याच तपासणीत फुटते आणि शेजारी कायमचा दुरावतो.

हे झाले सरकारच्या मोजणीचे. पण आमचे म्हणणे एवढ्यावर थांबत नाही. सरकार मोजते, आकडे दूर कोठेतरी जमा होतात आणि काही वर्षांनी इंग्रजी तक्त्यांच्या रूपाने प्रकट होतात. २०११ चे भाषाविषयक आकडे २०१८ साली बाहेर आले. त्यांत जिल्ह्याखाली तहसिलीपर्यंत मातृभाषेची आकडेवारी आहे, ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. आपल्यापैकी कितींनी ती उघडून पांढुर्ण्याची आणि सौंसरची ओळ वाचली? सीमालढ्याची भाषणे करणाऱ्यांनी आधी ती दोन ओळींची बेरीज करावी, अशी आमची विनंती आहे. बेळगावच्या प्रश्नात महाराष्ट्राने खेडे हा घटक धरण्याचा आग्रह धरला आणि ८६५ गावांची मागणी मांडली, ती गावागावाचे आकडे कोणीतरी बसून वाचले होते म्हणून. सीमा कोठे असावी हा वाद आम्ही आज उकरून काढीत नाही. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या, १ नोव्हेंबरला एक भाषा सीमेच्या पलीकडे गेली आणि बोलणारे अलीकडे राहिले. राहिलेल्यांनी आहे त्या जागी नीट जगावे कसे, एवढाच आजचा विषय आहे.

कचेरीच्या कागदाची भाषा आणि घरची भाषा यांतील अंतर माहितीच्या कामात कसे आड येते, याचे एक उदाहरण भाषेच्या अभ्यासकांना मोलाचे वाटावे. पंचायतीच्या भिंतीवर हितग्राहींची यादी लागते आणि वर लिहिलेले असते 'दावा-आपत्ति' आणि शेवटची तारीख. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. मराठीत आपत्ती म्हणजे संकट. अतिवृष्टी, गारपीट, आग. मराठीतून वाचणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला तो कागद नुकसानभरपाईचा वाटतो. आपले काही बुडालेले नाही म्हणून तो पुढे जातो. यादीत नाव नाही, हे सांगण्याची मुदत त्याच कागदावर संपते. 'हितग्राही' हा शब्दही आपल्याकडे कोणी बोलत नाही. सीमेपलीकडे त्याला लाभार्थी म्हणतात. 'शिक्षा'चा घोळ तर सर्वांना परिचित आहे. लिपी एकच असल्याने घोटाळा अधिक होतो. तमिळ किंवा उर्दू कागद असता तर माणूस 'मला वाचता येत नाही' म्हणून कोणाला तरी विचारता. देवनागरी कागद त्याला वाचता येतो आणि म्हणूनच तो फसतो. पंधरा टक्क्यांचे कलम अमलात यावे, असा आमचा आग्रह या भिंतीपाशी सुरू होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला याचा आनंद आम्हांलाही झाला. मात्र त्या दर्जाने अजून त्या भिंतीवर एकही ओळ लिहिलेली नाही.

तेव्हा गावाने आपली नोंदवही स्वतः ठेवावी, असे आम्ही सुचवतो. हे काम अवघड नाही. 'समग्र'च्या यादीमुळे कुटुंबे किती आणि माणसे किती, हे पंचायतीकडे आहेच. गावातील चार-सहा महाविद्यालयीन मुलांनी एका पानाचा तक्ता मराठीत करावा: घर क्रमांक, माणसे, प्रत्येकाची मातृभाषा, येणाऱ्या इतर भाषा, शाळेत जाणारी मुले कोणत्या वर्गात, आणि पालकांना मराठी हवी आहे का, हवी असेल तर माध्यम म्हणून की एक विषय म्हणून. नावे नकोत, जात नको, मोबाइल क्रमांक तर मुळीच नको. जे गोळा केले नाही त्याचा गैरवापर होत नाही. तक्त्याची बेरीज ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि चुका तेथेच दुरुस्त कराव्यात. आपली माहिती आपल्या भाषेत ऐकली की माणसे किती चटकन 'हे बरोबर नाही, आमच्या आळीत पोरे जास्त आहेत' असे म्हणतात, हे ज्याने पाहिले त्याला या कामाची गोडी वेगळी सांगावी लागत नाही.

यावर दोन आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. पहिला, भाषा मोजली की गावात फूट पडेल. ज्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात आणि सायंकाळी एकाच चंडीमातेपुढे जमतात, त्या गावाला एका तक्त्याने फूट पडेल असे आम्हांला वाटत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मराठी शाळा आता मागतो कोण? पालकांना इंग्रजी हवी, जमलेच तर हिंदी. हे खरे असू शकते. तसे असेल तर तेही तक्त्यातून कळेल, आणि कळणे बरे. एखाद्या शाळेत मराठी माध्यम मागणारे वर्गात दहा निघाले नाहीत, पण मराठी विषय मागणारे पंचवीस निघाले, तर मागणी विषयाच्या शिक्षकाची करावी. साठ वर्षे आपण माध्यमाचाच हट्ट धरून दोन्ही गमावत आलो. शाळांच्या केंद्रीय माहितीप्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची मातृभाषा नोंदवण्याचा रकाना आहे. प्रवेशाच्या वेळी पालकांनी तो आपल्यासमोर भरून घ्यावा. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हणते. 'शक्य तेथवर' हे शब्द आकड्यांशिवाय नेहमी 'अशक्य' असेच वाचले जातात.

नोंदवही एकदा झाली की ती भाषेपुरती उरत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तेथे गाव दर वर्षी पडलेल्या पावसाचा आणि विहिरींच्या पातळीचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कोणती पिके घ्यावीत हे ग्रामसभेत ठरवते. आपल्या संत्र्याच्या पट्ट्याला या गोष्टीची गरज कमी नाही. सीमेपलीकडील वरुडने बोअर खोल-खोल नेऊन काय ओढवून घेतले, ते आपल्या बागायतदारांना दिसतेच आहे. ज्या गावाकडे आपल्या विहिरींची, बोअरची, हातपंपांची, अंगणवाडीच्या वयाच्या मुलांची मोजणी स्वतःच्या भाषेत आहे, ते गाव पंचायतीच्या विकास आराखड्यात नुसती मागणी लिहीत नाही, कारण लिहिते. हा आराखडा दर वर्षी २ ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या मोहिमेत ग्रामसभांतून ठरावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तो पुष्कळदा सचिवांच्या संगणकावर मागील वर्षाच्या प्रतीवरून तयार होतो, कारण समोर बसलेल्यांपाशी त्याहून चांगली माहिती नसते.

सीमाभागातील दुसऱ्या लोकांनी हे कसे साधले, हेही पाहण्यासारखे आहे. केरळच्या कासरगोडातील कन्नड भाषकांना १९६९ च्या केरळ राजभाषा कायद्याने सरकारशी आपल्या भाषेत पत्रव्यवहार करता येतो. ते राज्य मल्याळमचे अभिमानी आहे आणि कन्नडिगांचेही कोणी तेथून हलले नाही. मुलताई, बऱ्हाणपूर, वारासिवनी या बाजूच्या आपल्या वाचकांना हे उदाहरण पांढुर्ण्याइतकेच लागू आहे; तहसिलीचा तक्ता त्यांच्याही नावाने प्रसिद्ध झालेला आहे.

जानेवारी २०२७ संपण्यापूर्वी निदान पांढुर्णा आणि सौंसर तहसिलींतील मोठ्या गावांत एकेक ग्रामसभा या विषयावर व्हावी, अशी आमची मागणी आहे. मातृभाषेच्या व्याख्येचा एक साधा फलक मराठी, हिंदी आणि गोंडी अशा तिन्ही भाषांत पंचायतीत लागावा. प्रगणक बहुधा आपल्याच शाळांतील गुरुजी-बाई असतील. त्यांना आधीच भेटून प्रत्येक माणसाला वेगळे विचारण्याची विनंती करावी. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज मराठीत लिहावा. कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येतो. सोबत तहसिलीच्या आकड्यांचे पान जोडावे, आणि टेबलावर अर्ज ठेवून परतू नये. पोच शिक्क्यासह घ्यावी. तिची एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या दिल्लीच्या कार्यालयाकडे रवाना करावी, दुसरी ग्रामसभेच्या दप्तरात लावावी.